नाताळाचा पाळणा आणि तुमचं सोवळ्याचं लुगडं

आत्याबाई, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. सून म्हणून जन्मभर मी तुमचं ऐकलं, आज तुम्ही माझं ऐका. माझं अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आहे, पण "आमच्या सुनेला वाचता येतं हो" असं गल्लीभर तुम्हीच मिरवत होतात, तेव्हा आता वाचा. काल आपल्या घरी नाताळ झाला. दुसरीकडे कुठे नाही, इथेच, जुन्या हुबळीत, तुमच्या स्वयंपाकघरात. बसा आधी, मग पुढचं सांगते.

झालं असं, की तुमची नातसून यंदा बाळंतपणात अडली. तिला मिशनच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या एका उतारवयाच्या नर्सबाईनं सोडवलं, पोरगंही हाती लागलं. त्या बाईला मागंपुढं कोणी नाही. तर तुमचा नातू एक दिवस कचेरीतून येऊन सांगतो, "आई, नाताळाला नर्सबाई आपल्याकडे जेवतील." माझ्या हातातला झारा कढईत पडला. म्हटलं, "किरिस्तावीण? आपल्या पंक्तीला? जेवायला घालीन मी, उपाशी कोणी माघारी गेलं नाही या घरातनं. पण पान पडवीत." सून पोराला थोपटत होती. मान वर न करता म्हणाली, "मग माझं पान पण पडवीतच मांडा आत्या. मी जिवंत आहे ती त्यांच्यामुळं." लगेच हा म्हणतो, "माझंही." म्हणजे आत जेवायला कोण, मी आणि मांजर? मुलगा पुढं आणखी म्हणाला, शांतपणे म्हणाला, तेच वाईट, "आई, त्यांना बाहेर बसवायचं असेल तर धारवाडला बदली मागतो मी. तिथं आमचं आम्ही बघू." तीन दिवस घरात कोणी धड बोललं नाही.

आता सण तर करायचा, पण त्या सणाचं मला काय कळतंय? शेवटी मुलाला विचारलं, नाताळ म्हणजे असतं तरी काय रे? म्हणाला, "त्यांच्या देवाचा जन्म." अरे, मग एवढं सांगायला तोंडात काय मूग भरले होते? देवाचा जन्म आपल्याला काय नवा आहे? मी पदर खोचला. माळ्यावरचा पाळणा काढून धुतला, माजघरात टांगला, त्याला झेंडूची माळ. सुंठवडा केला. घरात त्यांचा देव नाही, तर पाळण्यात घालायचं काय? बारशाला घालतो तसा वरवंटा घातला, त्याला कुंची घातली, तीट लावली. आणि ताकीद दिली, जन्म होईपर्यंत कोणी घास घ्यायचा नाही. लढाईपायी साखर दिसेना, म्हणून गुळाच्या पुरणाचे कडबू, कटाचं सार, भात, कोशिंबीर. पुरण वाटता वाटता मी पाळणा म्हणायला लागले. रामाचाच म्हटला, मला दुसरा येतो कुठला! सून तोंडाला पदर लावून हसत होती. चौथ्या दिवशी घरात कोणी हसलं. पण आत्याबाई, तुमची शिकवण सोडली नाही हो. पान पडवीतच मांडलं मी. आणि नंतर शिंपडायला गोमूत्राचा तांब्या भरून कोनाड्यात ठेवला.

दुपारी बाई आल्या. पांढरं लुगडं, पिकलेले केस, हातात पोरासाठी लोकरीचे मोजे. मी विचारलं, "जन्म कितीला आहे तुमच्याकडं? पोरं सकाळपासून उपाशी आहेत." बाई गोंधळल्या. "काल मध्यरात्रीच झाला की हो अक्का! आम्ही तर रात्रीच जेवून पण बसलोय." मुलगा भिंतीला टेकून हसतोय, सून हसतेय, आणि मी सुंठवड्याची वाटी घेऊन उभी. बाईंनी पडवीतलं ते एकटं पान पाहिलं. त्यांना कळलं. त्या तिथं बसायला वाकल्या, तेवढ्यात आत चुलीजवळ पोर ठसकलं. लागोपाठ, श्वास अडकल्यासारखं. बाई उठल्या त्या सरळ माजघरातून स्वयंपाकघरात. आणि चौकटीपाशी, आत्याबाई, त्यांनी मान खाली घातली.

तुमची ती बुटकी चौकट! पहिल्यांदा येणाऱ्या एकाचंही कपाळ तिनं सोडलेलं नाही. व्याह्यांना टेंगूळ, भटजींना टेंगूळ, लग्नाच्या दिवशी मला टेंगूळ. आणि ही बाई पोराकडे बघत, न थांबता, बरोब्बर तिथंच वाकली.

पोराला पालथं घालून त्यांनी पाठ चोळली, ते रडलं, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझा नाही पडला. मी विचारलं, "बाई, तुम्ही या घरात आधी कधी आला होता?"

त्या पाळण्यातल्या कुंचीवाल्या वरवंट्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वचन दिलं होतं अक्का, तुमच्या सासूबाईंना. आता त्या नाहीत. आणि तुम्ही आमच्या येशूला पाळणा बांधलात. आता लपवून काय करू?" तुमच्या नातवाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्याचे पाय आधी आले होते. तुम्ही शुद्धीवर नव्हता. सासूबाई एकट्या दवाखान्यात आल्या, अनवाणी. दारातनंच ओरडल्या, 'माझी सून चालली, ऊठ!' मी तेव्हा नवी पोरगी. गल्लीनं बघितलं तर वाळीत टाकतील म्हणून मला मागच्या दारानं आणलं. आणि आपलं सोवळ्याचं लुगडं नेसवलं, डोईवरनं पदर घेऊन, कोणी पाहिलं तर घरचीच वाटावी म्हणून. तुमचा मुलगा रडल्यावर मला चुलीपुढं आपल्या पाटावर बसवलं आणि दूधभात वाढला. 'पोटभर जेव गं,' म्हणाल्या."

मी तिथंच जात्यावर बसले. मला कमरीपेठेतल्या सुईणीनं सोडवलं म्हणून सांगितलंत तुम्ही. तिला मी दर दिवाळीला खण देत आले! आणि ते लुगडं? नव्या नवरीचा माझा पदर दांडीवरच्या त्या लुगड्याला नुसता लागला, तर पौषाच्या थंडीत मला विहिरीवर पुन्हा न्हायला लावलंत. दात वाजत होते माझे. ते लुगडं किरिस्ताव पोरीला नेसवलंत? माझ्यासाठी? आणि मरेपर्यंत तोंडातनं अवाक्षर नाही! वर तोच दरारा, तेच "शिवू नको", तेच "लांब हो". मी कुणाशी भांडू आता? भिंतीशी?

पडवीतलं पान मी स्वतः उचललं. चुलीपुढं तुमचा पाट मांडला, तुमच्यानंतर ज्याच्यावर कोणी बसलं नव्हतं तो. बाई म्हणाल्या, "नको अक्का, तिथं पडवीतच बरी आहे मी." मी म्हटलं, "गप बसा हो. आधी जेवून गेलाय ना इथं? मग आता कसली लाज?" बाई साकु साकु, पुरे पुरे म्हणत होत्या, तरी पानात आणखी कडबू वाढला.

हे कुठं धाडायचं? उद्या न्हाणीचा बंब पेटवताना आधी हाच कागद घालीन. एवढंच राहिलं. बाई गेल्यावर सुनेनं कोनाड्यातला तांब्या बघून विचारलं, "आत्या, हे शिंपडायचं राहिलं का?" मी म्हटलं, विसरले. विसरले नव्हते.