पाय धुण्याचा मान

नाशिक,
ईस्टरनंतरचा मंगळवार

प्रिय एस्तेरताईस,

धाकट्या शांतवनचा जय ख्रिस्त. दाजींनाही सांग, आणि जरा मोठ्याने सांग. मागच्या खेपेला तू सांगितलेला जय ख्रिस्त त्यांना 'चहा टाकते' असा ऐकू आला आणि ते अर्धा तास कप पुढे घेऊन बसले होते, असं तूच म्हणाली होतीस. तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस की बाटली नुसती खिडकीत ठेवून तिच्याकडे बघतेस? आम्ही इथे प्रभूच्या कृपेने बरे आहोत. इगतपुरीत तुम्हाला अजून पहाटे चादर लागते म्हणे. इथे पंखा लावला की गरम वारा येतो आणि बंद केला की तोही येत नाही. पत्र कशाला, फोन का नाही, असं म्हणशील. फोनवर तू मला मध्येच तोडतेस. पत्रात तुला तोडता येत नाही, आणि जे सांगायचं आहे ते मधे तोडण्यासारखं नाही.

तर झालं असं. आमच्याकडे नवे पाळकसाहेब आले आहेत (वयाने आपल्या घरातल्या पोरांएवढे, पण उपदेश चांगला करतात आणि मुख्य म्हणजे आटोपता करतात). त्यांनी ठरवलं की यंदा पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी पाय धुण्याचा विधी करायचा. प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. आमच्या मंडळीत हे आजवर कधी झालं नव्हतं. त्यांचा मला फोन आला की, "काका, गुरुवारच्या पाय धुण्यात तुम्ही हवेतच." मी म्हणालो, "माझं भाग्य." एवढंच बोलणं झालं. आता ताई, तू न्यायाने सांग, मंडळीतला जुना माणूस, उपासनेला कधी न चुकणारा, त्याला 'पाय धुण्यात तुम्ही हवेत' असं म्हटल्यावर त्याने काय समजायचं? मी समजलो की पाय मी धुणार.

मला किती नम्र वाटलं म्हणून सांगू! इतकी नम्रता माझ्या अंगात आहे हे मलाच माहीत नव्हतं. दूधवाल्याला सांगितलं, औषधांच्या दुकानात सांगितलं, नामपूरच्या आपल्या मावसभावाला फोन करून सांगितलं (तो मार्केटात कांद्याच्या लिलावात उभा होता, त्याला वाटलं माझ्या पायाला काही झालंय, आणि तो डॉक्टरांची नावं सांगू लागला). सगळ्यांना एकच सांगायचो की, आपण कोण, आपली लायकी काय, पण बोलावणं आलं म्हटल्यावर वाकलं पाहिजे. मनीषा म्हणाली, "तुम्ही वाकणार आहात हे अख्ख्या गल्लीला कशाला सांगताय?" पण बायकोला आपला चांगुलपणा रोज बघायला मिळतो, त्यामुळे तिला त्याचं काही वाटत नाही.

आता या नम्रतेत थोडं मीठही होतं, ते तुझ्यापासून लपवत नाही. कुंदन तुला ठाऊक आहे. विजेच्या सामानाचं दुकान आहे ना, तो, माझ्याबरोबर रोज सकाळी गोदावरीच्या काठाने फिरायला येणारा. येणारा म्हणजे, येत असे. तो मंडळीचा सेक्रेटरी झाला आणि त्याने प्रार्थनासभेच्या टेबलावर एक घंटी आणून ठेवली. ज्यांची प्रार्थना लांबेल त्यांच्यासाठी. तुला माझी प्रार्थना माहीत आहे. आधी मंडळीतले आजारी, मग गावातले, मग जिल्ह्यातल्या एकेका तालुक्यातले, मग देश, मग समुद्रापलीकडचे देश, आणि परत येताना वाटेत राहून गेलेले. लोक वाखाणायचे. (निदान डोळे मिटून शांत बसायचे.) तर मी नामपूरच्या आसपास होतो तेव्हा घंटी वाजली. टण्! ताई, भर सभेत. मी तिथेच आमेन म्हटलं आणि तेव्हापासून कुंदनशी बोलणं बंद. फिरायला मी आता कॉलनीच्या मैदानात गोल गोल जातो. तिथे नदी नाही, कुंदन नाही, आणि खरं सांगायचं तर मजाही नाही.

म्हणून पाय धुण्याचं ठरल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र. कुंदन खुर्चीत बसलाय, मी त्याच्यापुढे गुडघ्यांवर, सगळी मंडळी बघतेय, आणि मी त्याचे पाय इतक्या प्रेमाने धुतोय की त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. मी वर बघून फक्त मंद हसणार. हे हसणं मी आरशात करूनही पाहिलं.

तयारीत मी काही कमी ठेवलं नाही. भांडी बाजारात जाऊन पितळी घंगाळ आणलं. पसंत पडेना म्हणून पंचवटीतल्या दोन गल्ल्या पालथ्या घातल्या, पायात पातळ चपला, वर एप्रिलचं ऊन. मग घरी सराव. मनीषाला खुर्चीत बसवलं. ती शेंगा सोलत होती, म्हणाली, "धुवा, पण पाणी गार आहे, कोमट करा." कोमट केलं तर म्हणाली, "आता टाचाही घासाच जरा, भेगा पडल्यात." धुणं छान झालं, पण मला उठताच येईना. तिने एका हाताने मला ओढलं, दुसऱ्या हातात शेंगांची परात, आणि घंगाळ कलंडलं ते कपाटाखाली गेलं. (पाणी गेलं. घंगाळ नाही.) त्या भटकण्याने माझ्या तळपायांची इतकी आग व्हायला लागली की बुधवारी तिने दोन्ही तळव्यांना मेंदी थापली. उष्णता खेचते ना. मी लावून घेतली. म्हटलं, माझे हात दिसणार आहेत, पाय बुटात असणार. हातांची नखं मात्र मी नीट कापली होती.

गुरुवारी संध्याकाळी देऊळ भरलेलं. मी बाह्या दुमडून, कमरेला पंचा गुंडाळून, घंगाळ घेऊन पुढे उभा. वेदीपुढे बारा खुर्च्या मांडल्या होत्या. पाळकसाहेबांनी एकेक नाव पुकारलं, एकेक जण जाऊन बसला, आणि बारावं नाव आलं ते माझं. मी जागचा हललो नाही. मला वाटलं, ते धुणाऱ्यांची नावं सुरू झाली. तेव्हा ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काका, तुम्ही बसायचंय." मी म्हणालो, "मग धुणार कोण?" ते म्हणाले, "मी आणि सेक्रेटरी." आणि माझ्या हातातलं घंगाळ, माझं स्वतः निवडून आणलेलं, त्यांनी घेतलं आणि कुंदनच्या हातात दिलं. "बरं झालं आणलंत," म्हणाले.

ताई, मी बसलो. न बसून काय करतो? डावीकडच्या सहांचे पाळकसाहेब धुणार, उजवीकडच्या सहांचे कुंदन, आणि मी उजवीकडचा शेवटचा. बाकी पाच जणांचे पाय धुऊन होईपर्यंत मी काय काय विचार केला ते देवालाच ठाऊक. चक्कर आल्याचं सांगावं, की सर्दी आहे म्हणावं, की सरळ उठून जावं. शिष्यांतल्या एकाने प्रभूला आधी नकोच म्हटलं होतं, ते लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण का म्हटलं असेल ते मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्याचे पाय धुणं सोपं आहे. त्यात आपण कुठेतरी मोठेच राहतो. आपले पाय दुसऱ्याच्या हातात द्यायचे म्हणजे जे आहे ते द्यावं लागतं.

आणि माझं जे होतं ते बुटात होतं.

कुंदन समोर येऊन बसला. कितीतरी महिन्यांनी माझ्याशी पहिला शब्द बोलला. म्हणाला, "दादा, पाय." मी म्हटलं, "राहू दे." तो म्हणाला, "द्या हो." मी मोजा काढला. पुढच्या रांगेत महिला मंडळ होतं. तिथे एकदम बऱ्याच जणींना खोकला झाला. लग्नाच्या नवरीचा असावा तसा माझा तळवा, नारिंगी-लाल, रंग उत्कृष्ट चढलेला. मनीषाने मान खाली घातली होती, पण तिचे खांदे हलत होते.

कुंदनने चष्मा पाण्याचे शिंतोडे उडतात म्हणून काढून ठेवला होता. त्याला वाटलं, पाय मळलेत. तो घासायला लागला. अगदी मनापासून, ताई, अंगठ्याने, मग पंच्याच्या टोकाने, आपल्या आईने घासले असते तसे. मग हळूच म्हणाला, "दादा, निघत नाहीये हो. गंज लागलाय का कशाचा?"

मी वाकून त्याच्या कानात म्हटलं, "मेंदी आहे रे."

तो थांबला. मग त्याने कपाळ माझ्या गुडघ्यावर टेकवलं आणि तो गदगदा हलायला लागला. त्याचं हसू माझ्या गुडघ्यातून वर माझ्यात आलं. मीही त्याच्या डोक्यावर वाकलो, तोंड लपवायला दुसरी जागाच नव्हती. दोघांच्या डोळ्यांतून पाणी. आता मागच्या लोकांना काय दिसलं? इतके दिवस न बोलणारे दोन म्हातारे एकमेकांना बिलगून रडताहेत. कोणीतरी मोठ्याने "प्रभूची स्तुती असो" म्हणालं, कोणी गीत धरलं, आणि ज्यांना खोकला झाला होता त्याच बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. पाळकसाहेबसुद्धा तांब्या हातात धरून तसेच उभे.

आणि ताई, खोटं नाही सांगत, हसता हसता कधीतरी ते खरंच रडणं झालं. कुंदन तसाच खाली तोंड करून म्हणाला, "घंटीचं माझं चुकलं, दादा. मला सकाळी एकट्याला चालवत नाही." मी म्हटलं, "मलापण."

शेवटी पाळकसाहेबांनी मला प्रार्थना करायला सांगितली. मी अनवाणी उभा राहिलो, तोंड उघडलं आणि काही येईचना. ना आजारी, ना तालुके. मी म्हणालो, "प्रभू, तू वाकलास. आमच्यात मिरवण्यासारखं एवढंच आहे. आमेन." लोक डोळे मिटून बराच वेळ वाट बघत राहिले. शेवटी कुंदनने एक डोळा उघडून मला विचारलं, "झाली?"

झाली होती. त्या दिवशी माझ्याकडे अभिमान धरण्याजोगं काहीच उरलं नव्हतं, नाव नाही, प्रार्थना नाही, पाय तर नाहीतच, आणि तरी मी कधी नव्हे इतका आनंदात घरी गेलो. कुंदनच्या स्कूटरवर मागे बसून. कालपासून नदीकाठी फिरणंही सुरू केलं आहे. तो अजूनही फार भरभर चालतो.

दाजींना नमस्कार. सुट्टी लागली की या. घंगाळ आता देवळातच ठेवलंय, बघायला मिळेल.

तुझा,
शांतवन

ता. क. – खरं तर पत्र इथे संपलं होतं, पण एक बारीकसं काम आहे. तरुण संघातल्या आरोहीने नेमका कुंदन पाय घासत असतानाचा फोटो काढला, आणि तो आपल्या मासिकाच्या पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठावर घेणार आहेत. मासिकाची मांडणी दाजींचा पुतण्या सार्थक करतो ना? फोटो मी पाहिला. कुंदनचं डोकं, खांदे, भिजलेले हात, सगळं छान आलंय. माझे फक्त पाय. गुडघ्याच्या वर मी नाहीच. आणि खाली छापणार आहेत, 'सेक्रेटरी श्री. कुंदन एका वृद्ध बंधूचे पाय धुताना'. वृद्ध! कुंदन माझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहे. तर सार्थकला सांगून नाव घालायला लाव. माझ्यासाठी नाही, छापलेलं खरं असावं म्हणून. शांतवन, 'शां'वर अनुस्वार.

ता. क. २ – मनीषाने पत्र वाचलं आणि वरची ता. क. खोडायला लावली. मी खोडली आहे. एकच बारीक रेघ मारली, पेनातली शाई संपत आली होती. तरी तुला वाचता आलीच, तर त्यात माझा दोष नाही.

ता. क. ३ – चहा घेताना पुन्हा विचार केला. नाव नको. देवाचं नाव पुढे राहावं, माझं कशाला? सार्थकला काहीच सांगू नकोस. फक्त तो आपणहून विचारेल की हे पाय कोणाचे, तेव्हा खोटं बोलू नकोस. आणि तो विचारणाऱ्यांतला नाही, तेव्हा तूच जरा त्याला विचारायला लाव.