वाएल ओरडायचा थांबला तेव्हा

मंदरा, अलेक्झांड्रिया
२२ सप्टेंबर १९९८

प्रिय शहाता मामा,

सलाम. इकडे सगळे खुशाल. आईचे गुडघे दुखतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. मामीचा फोन आला होता. तुम्ही हल्ली कोणाशी फारसं बोलत नाही म्हणे. दमनहूरला समुद्र नाही, तर निदान शेजाऱ्यांवर तरी ओरडत जा.

आपल्या किनाऱ्यावर दोन आठवडे सिनेमावाल्यांनी नुसता धुमाकूळ घातलाय. गोष्ट काय, तर चार जीवरक्षक दागिने चोरणारी टोळी पकडतात. चोर दागिने कलिंगडात लपवतात आणि हे वीर त्यांना पोहायच्या ट्यूबने बडवतात. मी पडलो खराखुरा जीवरक्षक, म्हणून दिग्दर्शिका इंगी मॅडमना विचारलं, "चौघंही चोरामागे पळाले, तर समुद्राकडे कोण बघणार?"

"तुम्ही बघा ना! तुम्हाला त्याच्यासाठीच तर ठेवलंय," त्या म्हणाल्या. सगळे खिदळले.

हिरोचं नाव वाएल. दंड शर्टात मावत नाहीत आणि पोहण्याच्या नावाने शून्य. पण पोरगा लाघवी. माझ्या डब्यातली तळलेली वांगी रोज फस्त करायचा.

गुरुवारी त्याच्या बुडण्याचा विनोदी प्रसंग होता. कलिंगड छातीशी धरून कमरेएवढ्या पाण्यात "वाचवा, आई गं!" असं बोंबलायचं. त्याने झकास बोंब ठोकली. मग पाण्याच्या ओढीने त्याचा पाय सुटला आणि तो खोल पाण्यात गेला. तिथे त्याचा आवाज बंद झाला. तोंड आभाळाकडे, हात पाण्याखाली. मॅडम ओरडल्या, "वा वा, काय नट आहे! कॅमेरा थांबवू नका!" माणसं पोट धरून हसत होती.

मला तुमचं बोलणं आठवलं. "ओरडतोय त्याच्याकडे अजून श्वास आहे, मुरसी. गप्प झाला की उडी मार."

मामा, मी उडी मारली.

तीन उन्हाळे मी गुडघ्यावर पाणी येऊ दिलं नव्हतं. मनोऱ्यावर बसून शिट्टी फुंकायचो. तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी ती मुलगी बुडत होती, मी तुमच्यापेक्षा जवळ होतो आणि माझे पाय उचललेच नाहीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी तुम्ही आत गेलात. मुलगी वाचली, पण लाटेने तुम्हाला दगडांवर आपटलं. खांदा गेला, नोकरी गेली. वर चौकशीत तुम्ही सांगितलंत, "मीच त्याला थांब म्हणालो होतो."

तुम्ही म्हणाला नव्हतात. मी मान खाली घालून ते खपू दिलं. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून इस्पितळातसुद्धा आलो नाही.

काल आपल्या किनाऱ्याच्या साहेबांना त्या दिवसाचं खरं काय ते लिहून दिलं. पुढे काय करतील ते करोत. आईलाही सांगितलं. तासभर तिने माझा उद्धार केला, मग ताट वाढलं.

वाएल ठीक आहे. पाणी ओकल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "कलिंगड सापडलं का?" मॅडमनी तो प्रसंग सिनेमात ठेवलाय. ईदला लागेल. मी चड्डी सावरत धावतो तेव्हा लोक हसतील, तुम्हीही हसा. पण नंतर माझा डावा हात बघा. काखेखालून धरायची ती पकड तुमची आहे.

ईदपर्यंत मात्र मला थांबवत नाही. तुम्ही फार दिवस गप्प आहात, मामा. शुक्रवारी सकाळच्या गाडीने येतोय. दार उघडलंत की माझ्यावर पोटभर ओरडा.

तुमच्या हाताखाली शिकलेला,
मुरसी