सासूबाईंची रानहळद

८ नोव्हेंबर १९९३
सुनंदा आमच्या लेकीच्या, सईच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली. जाताना न्हाणीमागच्या सावलीतली रानहळद माझ्यावर सोपवली. सासूबाई गेल्या, कर्नाळ्याजवळचं घर विकलं. माहेरचं एवढंच उरलंय तिच्याकडे. गौरीपुढे तीच फुलं ठेवते. म्हणाली, फक्त हात लावू नका. हे काय सांगणं झालं? बत्तीस वर्षं कंपनीचे स्टोअर्स सांभाळलेत मी!

१९ नोव्हेंबर
पानं पिवळी. पाणी कमी पडतंय. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ एकेक बादली. चार्ट भिंतीवर लावला.

२ डिसेंबर
पानं पार झडली. भाजीवाली रंभा कुंपणापलीकडून म्हणाली, "भाऊ, ती मेली नाय, निजली हाय. पानी घालू नका, गड्डा कुजंल." सुकापूरहून येऊन मला बॉटनी शिकवते! दोन-दोन बादल्या केल्या.

२० डिसेंबर, सकाळी ९
नातू झाला! एसटीडी बूथवरून फोन केला. सुनंदाने बाळाचं वजन सांगितलं आणि लगेच विचारलं, रानहळद निजली का? म्हणजे हिलाही रंभाने पढवलंय. म्हटलं, छे, हिरवीगार आहे. तिने पुन्हा विचारलं, हिरवीगार? लाइन खराब असावी.

१६ जानेवारी १९९४
मागच्या दारी वास येतोय. खताचा असेल. पण खत मी घातलेलंच नाही.

१७ जानेवारी
उकरलं. गड्डा बोटाने दाबला तर नुसता लगदा. दोष मातीचा. रविवारी सुनंदाला खरं सांगणार. नक्की.

३० जानेवारी
सांगितलं नाही. बाळंतिणीच्या घरात वाईट बातमी कशाला?

२२ मे
रंभाकडून कोंब फुटलेली हळद घेऊन लावली. कशाला, ते सांगितलं नाही. हळद ती हळद.

१९ जून
सुनंदा आली. पायही न धुता मागे गेली. दोन पानं वर आलीत. वाकून बघत बसली, पान चुरगाळून वास घेतला. म्हणाली, छान वाढवलीत. जिंकलो!

१९ जून, संध्याकाळी ६
चहा देताना म्हणाली, नागपंचमीला ह्याच पानांच्या पातोळ्या करू. म्हटलं, कर, तूप सढळ घाल.
आत्ता लिहिताना डोक्यात प्रकाश पडला. पातोळ्या साध्या हळदीच्या पानांत करतात. रानहळदीच्या कोणी करत नाही.
ती स्वयंपाकघरात आहे. एका शब्दाने बोलली नाही मला. बोलली असती, तर निदान सॉरी म्हणता आलं असतं.