गिऱ्हाईक मान का वळवतं

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकल्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. एक गोष्ट तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहिते. रागावू नकोस. गिऱ्हाइकं नव्या सलूनकडे पळतात म्हणून तू आरसे बदलायला निघालायस. मी तुझ्या दुकानात बाकावर बसून पाहत होते. दाढी करायला तू वाकलास की माणसं मान वळवतात. तुझ्या तोंडाला वास येतो रे. तू चूळ भरलीस तेव्हा बेसिनमध्ये रक्तही पाहिलं. दातांच्या डॉक्टरला दाखव.

तुझी काळजी वाहणारी,
ताई

ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र वाचल्यापासून तोंड मिटूनच काम करतोय. हिला विचारलं, तर म्हणाली, कधीपासून येतोय वास, पण दिवसभर उभं राहून दमून आलेल्या माणसाला काय सांगायचं?

मग औषधाच्या दुकानातून जेल आणून हिरड्यांवर चोळत बसलो. फरक शून्य. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, हिरड्या दातांपासून सुटून आत खोल कप्पे झालेत, त्यात कीटण बसलंय. वरून चोळलेलं औषध तिथवर पोचत नाही. आधी कीटण खरवडायचं, मग कप्प्यांत अँटिबायोटिक जेल भरायचं. एक दात मात्र काढावाच लागेल.

कंटाळलोय गं. लोकांच्या चेहऱ्याजवळ जायचीच लाज वाटते.

तुझा,
धाकल्या

ता. ५ मार्च

चि. धाकल्यास,
आशीर्वाद.

लाज कसली? आजार आहे तो. आधी तंबाखू सोड. आणि दुधाचा दात पडला तेव्हा सगळी गल्ली गोळा केली होतीस, आता बायकोसमोर तरी भोकाड पसरू नकोस.

माझंही इथं काही बरं नाही. ह्यांचं अंथरूण सुटत नाही, त्यांना उठवून-बसवून माझी पाठ दुखते. पण तुझं पत्र आलं की बरं वाटतं. लवकर लिही.

ताई

ता. १९ मे

ती. ताईस,
शि. सा. न.

दात गेला. बाकीचे टिकतील, असं बाई म्हणतात, पण तपासणीला जात राहायला हवं. जेल भरल्यावर काही दिवस तिथं ब्रश लावायचा नव्हता, कडक चावायचं नव्हतं. सगळं पाळलं. रक्त थांबलंय. तंबाखू सुटली, पण जीव चिडचिडा झालाय. गिऱ्हाइकं अजून कमीच आहेत.

काल मात्र एक म्हातारे गृहस्थ आले. दाढीचा फेस लावता लावताच त्यांना डुलकी लागली, डोकं माझ्या पोटाला टेकलं. मी वस्तरा बाजूला ठेवला आणि तसाच उभा राहिलो. पाय भरून आले, ताई, पण हलवेना.

भाऊजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकल्या