राइट हाफची जागा

मास्तर, मी तुमचा राइट हाफ. एवढ्यावरून ओळख पटायची नाही, कारण त्या जागेवर तुम्ही किती पोरं खेळवलीत ते तुम्हालाही आठवत नसेल. संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या वर्षी मी धारच्या हायस्कुलात नववीत होतो. वडील दरबारच्या पागेत जमादार होते, ते तुम्हाला नक्की आठवतील. तेव्हा सगळं गाव त्यांना ओळखायचं. त्यांचा मी थोरला. उंच, काटकुळा, पळताना ज्याचे गुडघे एकमेकांवर आपटायचे, तो.

शनिवारी शाळा दुपारीच सुटायची. घंटा झाली की आम्ही सगळे मागच्या अंगणात कडुनिंबाखाली जमायचो आणि तुम्ही रविवारच्या फुटबॉल मॅचचे अकरा गडी सांगायचात. आठवडाभर शाळेत दुसरा विषय नसायचा. कुक्षीचे गडी अंगाने दांडगे, म्हणजे आपले फुलबॅक वजनदारच हवेत. धरमपुरीची पोरं नर्मदेच्या वाळूत पळून तयार झालेली, ती शेवटपर्यंत दमत नाहीत, तेव्हा हाफच्या ओळीत दमाचे तिघे लागतील. आणि देवासचा तो ठेंगणा लेफ्ट आउट, त्याच्यासमोर कोण? तुम्ही सगळ्यांचं ऐकून घ्यायचात आणि ठरवायचात मात्र आपलं आपण. एकदा सेंटर फॉरवर्डने ओळीने गोल केले होते, तरी पुढच्या शनिवारी तुम्ही त्याला बसवलंत. तो रडवेला झाला तेव्हा म्हणालात, "गोल केलेस ते कुक्षीवर. देवासवाले तुला हलू देणार नाहीत. बस बाहेर, बघ आणि शीक." दुसऱ्या दिवशी तुमचंच खरं ठरलं. असं नेहमीच व्हायचं. म्हणून तुम्ही गोलकीपरपासून एकेक नाव घ्यायला लागलात की कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नसे. फक्त राइट हाफच्या जागेशी आलात की तुमचा आवाज जरा भरभर व्हायचा. माझं नाव घेऊन तुम्ही लगेच पुढच्या जागेवर जायचात.

त्या जागेवरचा खरा गडी माझ्याशेजारीच उभा असायचा. चौकातल्या हलवायाचा मुलगा. भरल्या अंगाचा, पण पायात बॉल आला की मांजरासारखा. सरावात तो माझ्याकडून बॉल असा काढून घ्यायचा की मला गेलेला कळायचाही नाही. एवढं असून माझ्यावर त्याचा राग नव्हता. शनिवारी घरी जाताना खांद्यावर हात टाकून विचारायचा, "भिया, थारे में ऐसा कईं है जो म्हारे में नी?" मी म्हणायचो, "माटसाबांना विचार." तो तुम्हाला कधीच विचारायचा नाही.

धारला मॅच असली की ती संपल्यावर जे अकरा खेळले ते तुमच्या घरी जेवायचे. नियम तुमचाच होता, "ज्याने घाम गाळला त्याने जेवायचं." राखीव पोरं आपापल्या घरी जायची. तुमच्या अंगणात पंगत बसते आहे. पाय अजून धुळीने माखलेले, कुणाच्या घोट्याला पट्टी, आणि काकू मधून फिरताहेत, एका हातात तुपाची वाटी, दुसऱ्या हातात पळी. डाळीत कुस्करलेला बाफला, म्हणजे कणकेचा उकडून भाजलेला गोळा, वर तुपाची धार. काकू माझ्यापाशी आल्या की विचारतही नाहीत, वाढतात. मी खाली मान घालून जेवतो आहे. शेजारचे गप्पा मारताहेत, कुणाचा पास चुकला, रेफरी कसा आंधळा होता. मला त्यातलं काही ऐकू येत नाही.

आमच्या घरी त्या वर्षी काय चाललं होतं ते तुम्हाला कसं कळलं, हे मी कधी विचारलं नाही. पागेतले घोडे लिलावात गेले आणि वडिलांची नोकरीही गेली. ते रोज सकाळी साफा बांधून ओट्यावर येऊन बसायचे, जणू कुणी बोलावणं घेऊन येणार आहे. दुसरं काम सुचवलं की म्हणायचे, "दरबारचा माणूस आहे मी. दुकानात तराजू धरणार नाही." आई ज्वारीच्या पिठात पाणी वाढवून राबडी करायची, आधी लहान भावंडांना द्यायची, मग मला. ती स्वतः केव्हा जेवायची ते मी पाहिलं नाही. दसऱ्याला काकूंनी तुमच्या घरच्या नोकराबरोबर झाकलेलं ताट पाठवलं होतं, आठवतं? वडिलांनी ते उंबऱ्याबाहेरूनच परत केलं. "बाईंना सांग, आमच्याकडे सगळं आहे." आई आत चुलीपाशी बसली होती, तिने वर पाहिलं नाही. त्याच आठवड्यात शनिवारी कडुनिंबाखाली तुम्ही पहिल्यांदा माझं नाव घेतलंत. तोवर मी सरावात बॉल आणून द्यायचो, एवढंच.

वडील हरखले. पोरगा धारच्या टीममध्ये! शुक्रवार आला की विचारायचे, "उद्या सांगतील ना नाव?" आणि ओट्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, "दरबार गेला, पण आमचं पोरगं मैदानात आहे." त्या वर्षी दुसरी कसली फुशारकी त्यांच्याकडे उरली नव्हती.

देवासची टीम धारला आली तो रविवार. तुम्ही बाकीच्या दहा जागा किती विचार करून भरल्या होत्या! गोलकीपर बदललात, डावीकडे नवा पोरगा घेतलात, फुलबॅकना आदल्या दिवशी वेगळं बसवून समजावलंत. आणि त्या ठेंगण्या लेफ्ट आउटसमोर मला उभं केलंत. तो पहिल्यांदा माझ्याजवळून गेला तेव्हा मी वळेपर्यंत गोल झाला होता. दुसऱ्यांदा मी त्याचा सदरा धरला. तिसऱ्यांदा पडलो. लोक हसायला लागले. किल्ल्याकडच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "अरे, उस लंबू को निकालो!" तेव्हा मॅच चालू असताना गडी बदलता येत नसे. शेवटपर्यंत मी तिथेच उभा होतो, आणि तो देवासचा पोरगा दरवेळी माझ्याच बाजूने यायचा. आपण वाईट हरलो.

तरीही पंगत बसली. मी पहिला बाफला संपवून दुसरा हातात घेतला, तोच अंगणाच्या दारात हलवाई उभा. त्याच्या मागे मॅच पाहून आलेली चारदोन माणसं.

"माटसाब, एक बात बताओ," तो म्हणाला, "आप टीम बनाओ हो के सदावर्त चलाओ हो?"

तुम्ही उठून उभे राहिलात. "सेठजी, टीम मैं चुनता हूं. गलती हुई तो मेरी हुई."

"गलती? ये छोरा दौड़े नी, सिर्फ खावे है. पूरा गांव देख रिया है." आणि त्याने माझ्याकडे बोट केलं.

सगळ्या पंगतीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या ताटाकडे. त्या क्षणी मला वाटलं की जमिनीने मला गिळावं. पण मला नवल वाटलं नव्हतं, मास्तर, हे मी आज लिहू शकतो. पहिल्याच शनिवारी कडुनिंबाखाली माझं नाव आलं तेव्हाच मला कळलं होतं. मी खेळाडू नव्हतो हे मला कुणी सांगायला नको होतं. फक्त ते कुणी मोठ्याने म्हणेपर्यंत मी खेळाडू आहे असं चाललं होतं.

मी ताटावरून उठलो. तुम्ही शांतपणे म्हणालात, "बस रे. जेवण पुरं कर." तुमच्या आवाजात कीव नव्हती. वर्गात "वही काढ" म्हणायचात तसं म्हणालात. आणि मी उलट बोललो ते हलवायाला नाही. तुम्हाला बोललो. वडिलांचे शब्द, वडिलांच्याच आवाजात. "आम्ही दरबारची माणसं आहोत. तुमच्या तुकड्यांवर जगत नाही." काकू पळी घेऊन माझ्यासमोरच उभ्या होत्या. पळीतलं तूप जमिनीवर ओघळत होतं, त्यांचं लक्ष नव्हतं. मी त्यांच्या बाजूने अंग चोरून बाहेर पडलो. गल्लीच्या वळणापर्यंत ताठ चाललो. तिथे कोपऱ्यावर पाहिलं तर दुसरा बाफला हातात तसाच होता. भिंतीकडे तोंड करून मी तो खाल्ला, आणि मग घरी गेलो.

पुढच्या शनिवारी तुम्ही पुन्हा माझंच नाव घेतलंत. गावभर बोलणं होऊनही. वडिलांच्या तोंडावर मात्र ते कुणी बोललं नव्हतं. मी म्हणालो, "पाय दुखतोय." तुम्ही हलवायाच्या मुलाचं नाव घेतलंत. तो घरी जाताना माझ्या मागे धावत आला. "बाऊजी को मैंने नी भेजा था, भिया. कसम से." मी पावलं भरभर उचलली. पुढे देवासशी पुन्हा मॅच झाली, ती आपण जिंकलो. मी गेलो नव्हतो, पण ओरडा आमच्या गल्लीपर्यंत ऐकू आला. वडील ओट्यावरून आत येऊन म्हणाले, "आज तू असतास तर!" मी पाठ्यपुस्तकात डोकं घातलं.

मग एका संध्याकाळी तुम्ही घरी आलात. मी आतल्या खोलीत रिकाम्या कणगीमागे बसलो. आईने बिनदुधाचा चहा पुढे केला, तुम्ही तो सावकाश घेतलात. वडिलांनी विचारलं, "मास्तर, पोरगं हल्ली घरीच बसतंय. काही आगळीक केली का त्याने?" तुम्हाला सगळं सांगता आलं असतं. निदान गप्प बसता आलं असतं. तुम्ही म्हणालात, "छे, आगळीक कसली? गुडघा दुखावलाय त्याचा. मीच म्हटलं, विश्रांती घे. जमादारसाहेब, सबंध माळव्यात असा राइट हाफ मला मिळायचा नाही." गोल मारणाऱ्या पोरालाही तोंडावर "बस बाहेर" म्हणणारे तुम्ही. तुम्ही कुणाची खोटी स्तुती केलेली आम्ही ऐकली नव्हती. वडील म्हणाले, "त्याचं रक्तच तसं आहे." निघताना तुम्ही आत पाहून मोठ्याने म्हणालात, "बरा झालास की ये रे." तुम्हाला मी दिसलो नसेन. मी आलो नाही.

पुढे वडिलांनी कापसाच्या जिनिंग कारखान्यात पहारेकऱ्याचं काम धरलं. साफा तोच होता, फक्त बसायची जागा बदलली. घर कसंबसं सावरलं. तुमचं ते वाक्य मात्र त्यांनी मरेपर्यंत सोडलं नाही. शेजाऱ्यांना सांगितलं, सोयऱ्यांना सांगितलं, माझ्या लग्नात व्याह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "मास्तर स्वतः घरी येऊन म्हणाले होते." मी तिथेच उभा असायचो आणि लोक कौतुकाने माझ्या पायांकडे पाहायचे.

मी देवासला सरकारी कचेरीत लागलो. काही वर्षांनी तुम्ही धारची टीम घेऊन तिथे आलात. कचेरीतल्या एका मित्राबरोबर मी मॅच पाहायला गेलो, तुम्ही येणार हे ठाऊक असूनच. तुमचे केस पांढरे झाले होते. तुम्ही पोरांना जवळ घेऊन काहीतरी समजावत होतात, प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत. गडी मैदानात उतरले आणि मी आधी राइट हाफकडे पाहिलं. बारीक, मोठ्या डोक्याचा, सदरा कुणाच्या तरी मापाचा. तो दोनदा पळाला तेवढ्यातच कळलं की त्याला खेळता येत नाही. लोक हसायला लागले. मित्र म्हणाला, "ह्याला कुणी घेतला टीममध्ये?"

मी हसून म्हणालो, "वशिल्याचा असेल."

मास्तर, पाहणाऱ्यांत त्या घटकेला एकट्या मलाच ठाऊक होतं की तो पोरगा तिथे का आहे. मी हाफटाइमलाच उठलो. तुमच्या बाजूने न जाता मागून, उसाच्या गाड्यांमधून वाट काढत निघून आलो. संध्याकाळी बायकोने विचारलं, भेटले का तुमचे मास्तर? मी म्हणालो, गर्दी फार होती.

तुम्ही गेल्याचं मला हलवायाच्या मुलाने सांगितलं. देवासच्या बसस्टँडवर भेटला, तो आता वडिलांच्या दुकानात बसतो. "माटसाब नी रिया, भिया," म्हणाला आणि रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. काकू त्याआधीच गेल्या होत्या, हेही त्याच्याकडूनच कळलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहू शकलो. तुम्ही तेव्हा मला एका शब्दाने विचारलं नाहीत, मला तोंडाने म्हणायला लावलं नाहीत. आईला ते सांगावं लागत नव्हतं. वडिलांना सांगायची सोय नव्हती. तुम्हाला तरी मी त्या दिवशी अंगणात, ते भलतं बोलण्याऐवजी, खरं सांगायला हवं होतं. मास्तर, मला तेव्हा फार भूक लागायची.