प्लास्टिकमधला दाखला

६ सप्टेंबर

चि. बबडीस आईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पाकीट काल आलं. आत पत्र एक, कॉलेजच्या नियमांचा कागद एक. तिकीट कमी लावलंस म्हणून पोस्टमनने चार रुपये घेतले. नियमांचं अक्षर इतकं बारीक की धड डोळ्यांच्या माणसानेही हात टेकावेत; तुझ्या अधू नजरेला ते दिसलं कसं? पण अशा मुलींना परीक्षेत मोठ्या अक्षरांचा पेपर आणि एक तास जादा मिळतो, हे वाचून देवाला हात जोडले. डॉक्टरांचा अस्सल दाखला तीस तारखेच्या आत हवा ना, तो सोबत आहे. घड्यांवर फाटू नये म्हणून मी तो गेल्या वर्षीच प्लास्टिकमध्ये पक्का बंद करून आणला होता. तुझे बाबा म्हणतात, ही एक दिवस देवालाही प्लास्टिकमध्ये घालील. म्हणोत बापडे.

तुला दिसावं म्हणून मोठं मोठं लिहिते, त्यात पानं संपतात. डोळ्यांना जप.

तुझी आई

१९ सप्टेंबर

ती. आईस बबडीचा सा. न.

दाखला पोचला. विद्यार्थी मदत खिडकी अकरा ते एक उघडी, आणि इतिहासाचा तास नेमका तेव्हाच. तीन दिवस रांगेत गेले. चौथ्या दिवशी कारकुनांनी दाखल्याच्या पाठीवर शिक्का मारला आणि बोट फिरवलं, तर शिक्का बोटाला आला. म्हणाले, प्लास्टिकवर शाई धरत नाही, आणि पाठीवर शिक्का नसेल तर नाव नोंदवता येत नाही. झेरॉक्सवर मारा म्हटलं, तर झेरॉक्स अस्सल नव्हे. माणूस वाईट नाही गं, मला बसायला खुर्ची दिली. इतिहासाच्या सरांनी माझी नजर अधू असल्याची चिठ्ठी लिहून दिली. परीक्षा विभाग म्हणतो, सरांना तो अधिकार नाही. वर तास बुडाले म्हणून हजेरीची नोटीस आली. तीही बारीक अक्षरात, खोलीतल्या मैत्रिणीने वाचून दाखवली.

मनाला लावून घेऊ नकोस. नवा दाखला मिळतो का बघशील? बाबांना नमस्कार.

तुझी बबडी

२७ सप्टेंबर

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाल्या दिवशीच इस्पितळात गेले. नवा दाखला डॉक्टरांची समिती देते, आणि समिती तीन महिन्यांतून एकदा बसते. आता बसेल ती तुझी परीक्षा संपल्यावर. तिथल्या खिडकीवरच्या बाईंना विनवलं. त्यांनी वही उलटून दाखवली. तारीख काही त्यांच्या हातची नव्हती. मग वाटलं, जुन्या दाखल्यावरचं प्लास्टिक सोलता आलं तर तो परत मागवावा. आधी तसंच बंद केलेलं एक बिल सोलून पाहिलं. प्लास्टिकबरोबर अक्षरंही निघाली. तेवढी बुद्धी देवाने दिली. पण त्या प्लास्टिकला पंधरा रुपये देऊन मी तुझा परीक्षेतला जादा तास घालवला, हे मनातून जात नाही. तुझे बाबा आता थट्टा करत नाहीत, त्याचंच जास्त लागतं.

तू सुट्टीत आलीस तेव्हा तुझं इतिहासाचं पुस्तक इथेच राहिलंय. त्यातले पहिले दोन धडे जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर मोठ्या अक्षरात उतरवून पाठवले आहेत. सनावळ्या दोनदा ताडून पाहिल्या. मॅट्रिकचं अक्षर अजून टिकून आहे. मला एवढंच येतं, बाळ. परीक्षेचा पेपरही असाच मोठ्या अक्षरात उतरवून द्यायला मला कोणी बसवलं असतं, तर रात्रंदिवस बसले असते.

पुढचा कोणता धडा आधी हवा, ते उलट टपाली कळव.

तुझी आई