मोंटेगो बेच्या किनाऱ्यावर टाकलेली दस्ती

अहो प्रज्ञाचे बाबा,

अक्षर वाकडंतिकडं आलंय, हसू नका. आपली नात मैत्री शेजारी झोपलीय, माझ्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. प्रज्ञा हॉटेलात ड्यूटीवर आहे, जावईबापू जहाजावर. या अख्ख्या गावात मला मराठीत घाबरायला कुणी नाही! मग तुमच्याशिवाय कुणाला सांगणार? सकाळी जे झालं ते प्रज्ञा घरी यायच्या आत कुणाला तरी सांगितलं नाही तर छातीत धरून बसेल, म्हणून हे पत्र.

हो, जमैकातून लिहितेय. रेडिओला कान लावून तुम्ही जिथली कॉमेंट्री ऐकायचात, जेवण निवून जायचं तरी उठायचा नाहीत, तेच जमैका. यायचं होतं तुम्हाला, आणि आले कोण? जिला क्रिकेटमधलं फक्त ‘आउट’ कळतं ती. तुम्ही असता तर विमानतळावरच चार जणांशी दोस्ती केली असती. मी मात्र आल्यापासून भीतच आहे. लिफ्टला भिते, सरकत्या जिन्याला भिते, समुद्राला तर सगळ्यात जास्त. गोदावरीला कसा पलीकडचा काठ दिसतो, पलीकडं माणसं धुणं धुताना दिसतात. इथं पलीकडं काहीच नाही हो! नुसतं निळं पाणी, आणि ते आपल्याकडंच चालत येतंय.

गाव मात्र आपल्या माळेगावच्या जत्रेला हरवेल असं आहे. सकाळपासून ढमढम गाणी, कोळशावर भाजलेल्या कोंबडीचा वास, पाण्यावरून मोटारबोटी माणसांना छत्रीला बांधून आभाळात ओढतात आणि ती माणसं वर आनंदानं किंचाळतात. पैसे देऊन घाबरणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली.

प्रज्ञानं तिच्या हॉटेलच्या किनाऱ्याचा पास आणून दिला. मला म्हणाली, “आई, मैत्रीला घेऊन जा. किती दिवस घरात बसून राहशील?” मी म्हटलं, “अगं, मी अंगणवाडीत अर्धं लोहा गाव सांभाळलंय, एका लेकराला काय घाबरते!” तुम्ही असता तर म्हणाला असता, “लई बोलून राहिलीस.” बरोबरच होतं.

किनाऱ्यावर लांबच लांब निळ्या खुर्च्यांच्या रांगा. सगळ्या सारख्या. आम्ही एक धरली. मैत्रीला बर्फाचा गोळा हवा झाला. तो विकणारा अगदी समोरच, हाक मारली तर ऐकू येईल इतका. पोरीला उन्हात रांगेत कशाला उभं करायचं? मग मी काय केलं असेल, सांगा बरं?

कमरेला खोचलेली, तोंड पुसायची दस्ती काढली आणि खुर्चीवर टाकली!

तुमचाच कायदा! नांदेड-लातूर एसटीत खिडकीतून दस्ती आत पडली की ती सीट त्याची, मग दारातून आधी कुणीही चढो. त्यावरून भांडणं झाली की तुम्ही तिकिटाचं मशीन काखेत मारून निवाडा करायचात, “दस्ती कुणाची हाय? मंग बसू द्या त्याला.” आयुष्यभर तेच ऐकलं. मी मैत्रीला बजावलं, “ही आपली जागा. दस्ती हाय तिथंच बसायचं. दस्तीला सोडून हलायचं न्हाई.” तिनं मान डोलावली. गुणाची पोर आहे हो, सांगितलेलं ऐकते. आणि तिथंच घात झाला.

गोळा घेऊन वळले तर खुर्ची रिकामी. दस्ती नाही, मैत्री नाही.

आधी वाटलं, रांग चुकले. पुढची रांग पाहिली, मागची पाहिली. कुठली खुर्ची आपली होती तेही कळेना. मग समोर नजर गेली. पाणी. पाण्यात कितीतरी लहान डोकी वर-खाली होत होती, आणि मला प्रत्येक डोकं मैत्रीचं वाटत होतं. पायाखालची वाळू सरकली असं आपण नांदेडात बसून उगाच म्हणतो. इथं खरंच वाळू होती आणि मला तिच्यावर उभं राहता येईना.

“मैत्रीऽ! ए मैत्रीऽ! कुठं मेलीस गं!” असं ओरडले. हो, असंच. भीतीनं तोंडातून शिवीच निघते. पण त्या ढमढमीत माझा आवाज माझ्याच कानाला लागत नव्हता. प्रज्ञानं घोकून घेतलेलं इंग्रजी सगळं पुसून गेलेलं. आणि तुम्हाला सांगू, मला त्या वेळी काय दिसत होतं? तुमची खाट.

दवाखान्यातली. मी थर्मास घेऊन चहा आणायला खाली गेले होते. तुम्हीच पाठवलंत. “जा, च्या घेऊन ये, म्या काय पळून जातो का?” म्हणालात. वर आले तर पडदा ओढलेला. मी पडद्याबाहेरूनच “जय भीम” म्हटलं, आणि तुम्ही बोलला नाहीत.

यावर मी तुमच्याशी आजवर भांडले नाही, आज भांडते. घरात नियम कुणाचा होता? कितीही रुसवा असो, डोक्यात राग असो, कुणी जय भीम म्हटलं की उत्तर द्यायचंच! आपलं भांडण झालं की तुम्ही दारातून मोठ्यानं म्हणायचात, मला दात-ओठ खात का होईना उत्तर द्यावं लागायचं, आणि मग हसू यायचं. नातीलाही फोनवर तेच शिकवलंत. ती उत्तर देईपर्यंत पुढं बोलायचा नाहीत. आणि स्वतः? उत्तर न देता गेलात. असं असतं का हो?

किनाऱ्यावर केसांच्या वेण्या घालून देणारी एक उंच बाई होती. तिनं मला पाहिलं, हातातला कंगवा टाकून धावत आली आणि माझे दोन्ही दंड धरले. मला एवढंच कळलं, “बेबी? बेबी?” मी मान हलवली. ती गाणी लावणाऱ्याकडं वळली आणि अशी कडाडली की ढमढम एकदम बंद! सगळा किनारा आमच्याकडं बघायला लागला. अर्धे उघडे लोक, आणि मधे मी, नऊवारीतली, हातात वितळणारा गोळा.

आणि त्या शांततेत मी पोटातून ओरडले, “जय भीम!”

का, कोण जाणे. नाव नाही आलं तोंडात, हेच आलं. काही नाही. लाटेचा आवाज. पुन्हा तुमचा पडदाच समोर आला. मी परत ओरडले.

तर मागून, ओल्या टॉवेलांच्या गाड्यामागून, बारीक आवाज आला. “जय भीम, आजी.”

झालं होतं ते असं. हॉटेलचा माणूस वापरलेले टॉवेल गोळा करत आला, त्यानं दस्तीही उचलून गाड्यात टाकली. आणि आपली पोर दस्तीच्या मागं निघाली! दस्तीला सोडायचं नाही ना! गाडा कोठीच्या आडोशाला थांबला, तिथं दस्तीपाशी बसून राहिली. तिथं आडोशाला ढमढम कमी, माझ्या हाका तिला पुसट ऐकू आल्या, पण मी रागात होते म्हणून गप्प बसली. दुसऱ्या जय भीमला मात्र गप्प बसता येईना.

मी वाळूत बसले आणि मोठ्यानं रडले. त्या वेणीवालीनं आम्हा दोघींना छातीशी धरलं. टॉवेलवाला बिचारा सारखा सॉरी म्हणत होता. मैत्री डोळे वटारून मला म्हणाली, “आजी, मी दस्तीजवळच होते. तू कुठं हरवली होतीस?”

घरी येईपर्यंत ठरवलं होतं, प्रज्ञाला सांगायचं, माझं परतीचं तिकीट काढ. जी बाई चहा आणायला गेली की माणूस जातं, गोळा आणायला गेली की लेकरू जातं, तिच्या हाती कुणी काही सोपवू नये. नांदेडच्या घरात कडी लावून बसलेली बरी.

पण पोर माझा पदर सोडत नाही हो. मगाशी पाणी प्यायला उठले तर झोपेतच ओढला. तिला माझी भीती वाटत नाही, माझ्यासाठी वाटते. मीच हरवले होते म्हणून!

आणि खरं सांगू? चूक नाही तिची. तुम्ही गेल्यापासून हरवलेलीच आहे मी. कुणी हाक मारली तरी ओ देत नव्हते.

तेव्हा ऐका. प्रज्ञा आली की सगळं सांगेन, ती रागावली तर ऐकून घेईन. तिकीट काढ म्हणणार नाही. उद्या मैत्रीला घेऊन पुन्हा त्याच किनाऱ्यावर जाईन, आणि गोळा आणायला गेले तर तिचा हात धरूनच जाईन. भीती जाणार नाही, ते वचन नाही देत. भीत भीत जाईन. पण तिनं हाक मारली की ओ देईन, पहिल्याच हाकेला, हे मात्र वचन.

उठतेय वाटतं ती. थांबते.

अजून तुमच्यावर रुसलेली,
प्रज्ञाची आई